ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो, पण उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते : उसाची खेप निघण्याआधी काय तपासायचं?

डिसेंबरची रात्र. लातूर-बार्शी रस्त्यावर ढोकी मागे टाकून गाडी येडशीकडे निघाली आहे. समोरून ट्रक येतो, त्याचे दिवे डोळ्यांवर येतात. ट्रक निघून जातो आणि दोन क्षण समोरचं काहीच दिसत नाही. मग अचानक वीस-पंचवीस पावलांवर उसाची भिंत उभी राहते. ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. ब्रेकवर पाय दाबेपर्यंत काळजाचा ठोका चुकलेला असतो.

गाळप हंगामात धाराशिव जिल्ह्यात रात्री गाडी चालवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ढोकी, रांजणी, केशेगाव, मुरूम अशा कारखान्यांच्या गावांकडे जाणारे रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेले असतात. एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या आणि वर टोकापर्यंत रचलेला ऊस.

अशा गाडीचा अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, चूक कुणाची? कारवाला भरधाव होता की ट्रॅक्टरवाल्याने मध्येच वळण घेतलं? पण बऱ्याचदा अपघाताचं कारण त्याआधी काही तास, फडात ट्रॉली जोडतानाच तयार झालेलं असतं. झिजलेली पिन, ढिला नट, तुटलेली वायर. निघण्याआधी पंधरा मिनिटं काढली असती तर यातली प्रत्येक गोष्ट दिसली असती.

ती पंधरा मिनिटं नेमकी कशावर घालवायची, ते बघूया.

ओढणारा हलका, मागचं वजन जड

उसाच्या वाहतुकीला वापरला जाणारा साधारण ५० एचपीचा ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा असतो. त्याच्यामागे दोन भरलेल्या ट्रॉल्यांचं वजन सहज १५ ते २० टनांवर जातं. म्हणजे ओढणाऱ्यापेक्षा मागचं वजन सात-आठ पट.

सपाट रस्त्यावर हे चालून जातं, कारण ट्रॅक्टरची ताकद ओढण्यासाठीच बनवलेली आहे. खरा प्रश्न थांबताना येतो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांवर काम करतात. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, आणि असले तरी ते जोडलेले किंवा चालू स्थितीत नसतात. मग अडीच टनांच्या ट्रॅक्टरची दोन चाकं सगळा २० टनांचा डोलारा थांबवायला निघतात.

आता लोक म्हणतात, ट्रॅक्टर चालतोच किती, ताशी २० किलोमीटर! एवढ्या वेगात काय होणार? तर हिशोब असा आहे. २० टनांचं वजन ताशी २० किलोमीटरने जात असेल, तर त्यात जेवढी ऊर्जा असते, जवळपास तेवढीच ऊर्जा १२०० किलोच्या कारमध्ये ताशी ८० किलोमीटरच्या वेगाला असते. कारच्या चारही चाकांना ब्रेक असतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीत ते काम दोन चाकांवर येतं.

युरोपात सुट्टीला निघालेली कुटुंबं कारमागे कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं छोटं घर जोडतात. तिथे ७५० किलोपेक्षा जास्त वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. शिवाय ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लागावा म्हणून एक वेगळी तारही जोडलेली असते. पाऊण टनाच्या गाडीसाठी एवढी काळजी. आपल्याकडे एकेका ट्रॉलीत त्याच्या दहा-बारा पट माल असतो. म्हणून इथे तपासणी जास्त कडक हवी.

पहिली नजर हुकावर

दोन ट्रॉल्यांच्या गाडीत जोड दोन असतात. ट्रॅक्टर आणि पहिल्या ट्रॉलीमधला एक, पहिल्या आणि दुसऱ्या ट्रॉलीमधला दुसरा. ड्रायव्हरचं लक्ष पहिल्या जोडाकडे असतं, दुसरा त्याला सीटवरून दिसतही नाही. म्हणून खाली उतरून दोन्ही बघायचे.

पिन हातात घ्या. मधोमध झिजून बारीक झाली असेल, वाकली असेल किंवा चीर दिसत असेल तर ती बदला. पिन हरवली म्हणून लोखंडी सळईचा तुकडा घालून काम भागवणं धोक्याचं आहे, कारण ती सळई या ओढीसाठी बनलेली नसते. पिनच्या खालच्या टोकाला लॉक हवंच. लॉक नसेल तर खड्ड्यातल्या प्रत्येक आदळआपटीत पिन थोडी थोडी वर सरकते आणि एखाद्या गतिरोधकावर निघून जाते.

मग हुकाचं आणि दांड्याचं भोक बघा. गोल भोक झिजून लांबट झालं असेल तर जोडात धक्के बसतात आणि ते धक्केच पुढे पिन तोडतात. दांडा जिथे ट्रॉलीच्या चॅसीला जोडला आहे, तिथल्या वेल्डिंगवरची माती पुसून बघा. गंजाची बारीक रेघ दिसली तर बहुतेक वेळा तिथे चीर असते.

याशिवाय प्रत्येक जोडाला साखळी लावा. पिन निघालीच तर साखळी ट्रॉलीला धरून ठेवते. दोन साखळ्या असतील तर त्या दांड्याखालून फुलीसारख्या एकमेकींना ओलांडून लावायच्या. म्हणजे दांडा खाली पडला तरी तो साखळ्यांच्या झोळीत अडकतो, रस्त्यात रुतत नाही. साखळी वळणावर ताणली जाणार नाही एवढी सैल आणि जमिनीला घासणार नाही एवढी आखूड असावी.

आणखी एक गोष्ट. ट्रॉली कायम खालच्या हुकालाच जोडायची. ओढण्याची जागा मागच्या ॲक्सलपेक्षा वर गेली, तर जोर लावताना ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि तो मागे उलटू शकतो.

टायर, नट आणि बेअरिंग

ट्रॉलीच्या टायरचं दुखणं असं की ट्रॉली वर्षातले सहा-सात महिने उभी असते. उन्हात, एकाच जागी, कमी हवेत. टायरची नक्षी चांगली दिसते, पण बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात. भरलेल्या ट्रॉलीचं वजन आल्यावर टायर तिथूनच फुटतो.

टायरचं वय ओळखायची सोपी खूण आहे. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. समजा ३५२१ लिहिलंय, तर तो टायर २०२१ सालच्या ३५व्या आठवड्यात बनलेला आहे. जुना टायर स्वस्तात घेताना हे चार आकडे आधी बघा.

हवा टायरवर लिहिलेल्या मापाप्रमाणे, टायर थंड असताना भरायची. जोडचाकं असतील तर दोन्हींमध्ये सारखी हवा हवी. एकात कमी असेल तर सगळा भार दुसऱ्यावर जातो. दोन टायरच्या मध्ये दगड अडकलाय का, तेही बघायचं.

चाकाचे नट एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आवळायचे. म्हणजे चाक सरळ बसतं. पंक्चर काढून चाक परत बसवलं असेल तर काही किलोमीटर गेल्यावर थांबून नट पुन्हा आवळायचे, कारण भार आल्यावर ते ढिले पडतात. नटाभोवती गंजाचा ताजा, रेघांसारखा डाग दिसला तर नट आधीच हलू लागलाय असं समजा.

बेअरिंगला हंगामाआधी ग्रीस भरलंच पाहिजे. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. घरघर आवाज आला किंवा चाक आत-बाहेर हललं तर बेअरिंग संपलंय. वाटेत ओळखायचं असेल तर दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर थांबा आणि हाताची मागची बाजू प्रत्येक चाकाच्या मधल्या भागाजवळ न्या. सगळी चाकं कोमट आणि एकच तापलेलं असेल तर दोष तिथे आहे. ते दुर्लक्षित केलं तर चाक ॲक्सलमधून निखळून पुढे पळू शकतं.

सोबत पाटे आणि यू-बोल्ट बघा. एखादा पाटा तुटला की ट्रॉली एका बाजूला कलते, आणि वर ऊस रचलेला असताना तो कल वळणावर महागात पडतो.

ब्रेकची दोन पेडल आणि एक छोटं लॉक

ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकासाठी वेगवेगळे ब्रेक पेडल असतात. शेतात आखूड वळण घेताना एकच पेडल दाबायला ते उपयोगी पडतं. पण रस्त्यावर वेगात असताना चुकून एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन फिरतो आणि मागच्या ट्रॉल्या त्याच्यावर चाल करून येतात.

म्हणूनच दोन्ही पेडल एकत्र जोडायला एक लॉक दिलेलं असतं. फडातून डांबरी रस्त्यावर चढण्याआधी ते लावायचं. याला पाच सेकंद लागतात. हे लॉक तुटलेलं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्यायचं, खेप त्यानंतर.

उतार लागला की खेळ बदलतो

धाराशिव जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटच्या पठारावर आहे. त्यामुळे सोलापूरकडून तुळजापूरला येताना घाट चढावा लागतो, येडशीजवळ रामलिंगचा घाट आहे. छोटे-मोठे चढउतार तर गावोगाव.

सपाटीवर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढत असतो. उतारावर मागचं वजन पुढे रेटू लागतं आणि ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. अशा वेळी घाईने ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर थांबायला बघतो, ट्रॉली थांबत नाही. ती हुकापाशी ट्रॅक्टरचा मागचा भाग बाजूला रेटते आणि सगळी गाडी चाकूच्या पात्यासारखी दुमडते. हे दोन-तीन सेकंदांत होतं, तेव्हा स्टिअरिंग फिरवून काही उपयोग नसतो.

उपाय उतार सुरू होण्याआधीच करावा लागतो. वर असतानाच खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनला वेग धरून ठेवू द्यायचं. उतारावर क्लच दाबायचा नाही, कारण क्लच दाबला की इंजिनची पकड सुटते. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं म्हणजे २० टन वजन मोकळं सोडणं.

चढावर धोका उलटा असतो. ट्रॉलीत भार मागे जास्त असेल तर दांडा वर उचलला जातो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि त्यांची पकड सुटते. दोन चाकांच्या ट्रॉलीत हे पटकन होतं. म्हणून भरतानाच भार थोडा पुढच्या बाजूला आणि दोन्ही कडांना सारखा ठेवायचा, मागच्या फाळक्याबाहेर मोळ्या लोंबू द्यायच्या नाहीत. ऊस जितका उंच रचला, तितका वळणावर कलंडण्याचा धोका जास्त.

पन्नास मीटर, तीन सेकंद

आता सुरुवातीच्या त्या उसाच्या भिंतीकडे वळू.

कार ताशी ८० ने येतेय, ट्रॉली ताशी २० ने चाललीय. दोघांतलं अंतर ताशी ६० च्या वेगाने संपतं. खालच्या दिव्यांच्या उजेडात ट्रॉली ५० मीटरवर दिसली, तर कारवाल्याकडे तीन सेकंद उरतात. त्यातला साधारण दीड सेकंद समोर काय आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत संपतो. ट्रॉली बंद पडून उभी असेल तर सव्वा दोन सेकंदच मिळतात.

तीच ट्रॉली रिफ्लेक्टरमुळे २०० मीटरवरून दिसली तर बारा सेकंद मिळतात. काही रुपयांच्या पट्टीने हा फरक पडतो.

मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी चमकणारी पट्टी, ही साधी पद्धत. पण अडचण अशी की उसाची वाढी लोंबून मागची पट्टी आणि दिवे झाकतात, आणि उरलेलं काम चिखल करतो. म्हणून ऊस भरून झाल्यावर मागे जाऊन बघायचं, की पट्टी खरंच दिसतेय का? दिसत नसेल तर उसाच्या शेवटच्या टोकाला रिफ्लेक्टर लावलेलं कापड बांधायचं. एक फडकं आणि पाण्याची बाटली ट्रॅक्टरवर ठेवली तर प्रत्येक खेपेला पट्टी पुसता येते.

दिव्यांची वायर ट्रॅक्टरपासून शेवटच्या ट्रॉलीपर्यंत गेलेली असावी. एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून दिवा लागतो का ते सांगायचं. एवढीच परीक्षा.

संथ वाहनं दुरून ओळखू यावीत हा प्रश्न जगभरातल्या शेतकऱ्यांना पडलाय. अमेरिकेत १९६०च्या दशकात ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या अभियंत्यांनी त्यासाठी लाल कडेचा नारिंगी त्रिकोण तयार केला. तिथे आज तो ट्रॅक्टरच्या मागे सर्रास दिसतो. दिवसा नारिंगी रंग उठून दिसतो, रात्री लाल कड चमकते. त्रिकोण दिसला की मागच्याला कळतं, पुढचं वाहन संथ आहे.

ट्रॅक्टरवरचा मोठ्ठ्या आवाजातला टेपही याच यादीत येतो. गाणी जोरात लागली की मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही आणि बेअरिंगची घरघरही नाही.

रस्त्यात बंद पडली तर

पंक्चर झालं, ॲक्सल तुटला, तर गाडी शक्य तितकी डांबराच्या खाली घ्या. चाकांखाली लाकडी ठोकळे लावा. चमकणारा त्रिकोण गाडीच्या अगदी मागे ठेवून उपयोग नाही, तो पन्नास-शंभर मीटर मागे हवा. वळण किंवा चढाचा माथा असेल तर त्याच्याही अलीकडे. एका माणसाला टॉर्च घेऊन रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभं करा.

आपल्याकडे गाडीभोवती दगड मांडायची सवय आहे. पंक्चर निघतं, ट्रॅक्टर निघून जातो आणि दगड रस्त्यावर राहतात. नंतर येणाऱ्या दुचाकीवाल्याला ते दिसत नाहीत. निघताना दगड उचलणं हा दुरुस्तीचाच भाग समजायला हवा.

ट्रॉलीत ऊस नसतो, बिऱ्हाड असतं तेव्हा

भूम, वाशी, कळंब या भागांतून दरवर्षी हंगामाच्या तोंडावर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ट्रॉलीत कोपीचे बांबू, भांडीकुंडी, धान्याची पोती, सरपण असतं. आणि या सगळ्याच्या वर बायका-पोरं. शेकडो किलोमीटर, बऱ्याचदा रात्रीचा प्रवास. परदेशातलं कुटुंब कॅराव्हॅन घेऊन निघतं ते हौसेने, आणि तेही कारमध्ये बसून. इथे माणसंच ट्रॉलीच्या टपावर असतात.

ट्रॉली मालासाठी असते. तिला बसायला सीट नाही, धरायला दांडी नाही, कलंडली तर वाचवणारं छप्पर नाही. वरून सामान अंगावर येतं ते वेगळंच. माणसं नेण्याची परवानगी नसल्याने अपघातानंतर विम्याचा दावाही अडकू शकतो.

४ एप्रिल २०२५ ला हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर महिला हळदीच्या कामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात त्यांची ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत कोसळली आणि सात महिलांचा जीव गेला. त्याआधी १ ऑक्टोबर २०२२ ला उत्तर प्रदेशातल्या कानपूर जिल्ह्यात देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली, त्यात २६ जण गेले.

म्हणून सामान ट्रॉलीने आणि माणसं एसटीने किंवा जीपने, ही वाटणी उचल ठरतानाच मुकादमाशी बोलून घ्यायला हवी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे हा खर्च पूर्वीइतका राहिलेला नाही. ट्रॉलीनेच जावं लागलं तर निदान प्रवास दिवसा करावा आणि सामानाच्या ढिगावर कुणी बसू नये. दांड्यावर किंवा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर तर कुणालाच बसवू नये.

तपासायचं कुणी?

भाडं टनावर आणि अंतरावर मिळतं. जितका माल जास्त, जितक्या खेपा जास्त, तितकी कमाई. काट्यावर नंबर लागायचा असतो, फडात टोळी थांबलेली असते. या घाईत पंधरा मिनिटं द्यायला कुणी तयार नसतं. ड्रायव्हरला वाटतं ट्रॉली मालकाची, मालकाला वाटतं चालवणारा बघेल.

कायद्यात मात्र ट्रॉलीला वेगळं वाहन मानलंय. तिची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि सगळ्यात मागच्या ट्रॉलीवर ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबरही दिसला पाहिजे. म्हणजे धाराशिवचा एमएच २५ पासिंगचा ट्रॅक्टर असेल तर तो नंबर ट्रॅक्टरच्या तोंडावर असून पुरत नाही. जादा माल भरला तर केंद्रीय मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे आणखी २ हजार रुपये दंड सांगितलाय. चार टन जादा माल म्हणजे २८ हजार. त्या जादा मालाचं भाडं याच्या जवळपासही जात नाही.

सोपा मार्ग म्हणजे कामं वाटून घेणं. हंगामाआधी मालकाने बेअरिंग, टायर, वेल्डिंग आणि वायरिंग एकदा गॅरेजला नेऊन करून घ्यायचं. रोज सकाळी ड्रायव्हरने नट, हवा आणि ब्रेक बघायचे. आणि प्रत्येक खेपेला, ऊस भरून झाल्यावर, गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारायची. दोन्ही पिना, दोन्ही लॉक, साखळ्या, पेडलचं लॉक, मागची पट्टी, दिवा.

ट्रॉलीच्या मागे असणाऱ्यांचंही काम आहे. हंगामात रात्री वेग कमी ठेवा. ट्रॉलीला चिकटून चालू नका, वरून मोळी पडू शकते. ओव्हरटेक करताना लक्षात ठेवा की पुढे एक नाही, दोन ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर आहे. आणि मागचा दिवा बंद असलेली ट्रॉली दिसली तर पुढच्या धाब्यावर थांबून ड्रायव्हरला सांगा. त्याला स्वतःला तो दिवा सीटवरून कधीच दिसत नाही.